आंबलेली टाकी

माझी मोठी बहीण मलकपेठेत खाणावळ चालवते आणि तिच्या स्वयंपाकघरात सिलिंडर आणता येत नाही. घर बोळाच्या अगदी टोकाला आहे. आत-बाहेर करायला एकच दार, आणि वर भाडेकरूंच्या खोल्या. शेजारच्या गल्लीत एका मिठाईवाल्याच्या दुकानात सिलिंडरने पेट घेतला, तेव्हापासून घरमालकांनी नियम केला. ते वयाने वडिलांच्या जागी आहेत. रोज संध्याकाळी पायरीवर खुर्ची टाकून बसतात. तिथूनच त्यांनी ताईला सांगितलं, "सिलिंडर नक्को, लकडी नक्को, धुवाँ नक्को. बाकी तुम जो चाहे पकाओ, बेटी."

पण पकवायचं कशावर? विजेच्या शेगड्या आणून पाहिल्या. घरातल्या तारा जुन्या, दोन शेगड्या एकदम लावल्या की वरच्या भाडेकरूंचे पंखे बंद पडायचे आणि जिन्यातून आरडाओरडा सुरू व्हायचा. शेवटी अंगणात ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारी टाकी बसवली. टाकी उघड्यावर असते आणि तिच्यात गॅस दाबून भरलेला नसतो, हे मी मालकांना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी चष्मा वर करून चित्र बघितलं. "कचरा डालेंगे, आग निकलेगी? अच्छा है. मेरे भतीजे भी कचरेच हैं, उनसे कुछ नै निकलता."

या खाणावळीवर ताईचं काय अवलंबून आहे ते आधी सांगायला हवं. भावजी गेले, तेव्हा मी तिला तारनाक्याला आमच्या घरी आणलं. ती वर्षभर आमच्याकडे होती. खायला-प्यायला, औषधपाण्याला काही कमी नव्हतं. पण ताई हळूहळू बोलेनाशी झाली. गॅलरीत ताट घेऊन बसायची आणि तांदूळ निवडायची. निवडून झाले की तेच तांदूळ पुन्हा निवडायची. माझी बायको एकदा म्हणाली, "ताई, ते निवडलेलेच आहेत." ताई म्हणाली, "हो, माहीत आहे," आणि निवडत राहिली. मी आकड्यांत वावरणारा माणूस. ऑफिसात दिवसभर तक्ते जुळवतो. या गोष्टीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी तिला फक्त झोप लागायची.

मग एके दिवशी ती स्वतःहून मलकपेठेला, भावजींबरोबर राहायची त्या बंद खोल्यांत परत गेली आणि तिने डबे सुरू केले. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, आणि आमच्या नांदेडकडच्या पद्धतीची झणझणीत आमटी. शिकायला आलेली मराठवाड्यातली मुलं, दवाखान्यातल्या नर्सबाई, पुण्याहून नोकरीला आलेले एकटेदुकटे, दोन-तीन निवृत्त म्हातारे असे तीसेक मेंबर झाले. ताई पुन्हा भांडायला लागली. "भाकरी ताटात टाकून उठायची नाही, सांगून ठेवते!" हा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. तो ऐकला की माझं ऑफिस, बस, ऊन, सगळं सार्थकी लागल्यासारखं वाटायचं.

पहिले काही महिने टाकीने आम्हाला रडवलं. दुपारी भाकऱ्या अर्ध्यावर आल्या की आच मंद व्हायची. सहा हजार लिटरची टाकी, वर तरंगणारं झाकण. गॅस साठला की झाकण वर उचललं जातं. झाकणाच्या कडेला मी रंगाने खुणा केल्या आणि किती उचललं गेलं यावरून हिशेब मांडला. एक किलो ओल्या कचऱ्यामागे जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर गॅस मिळत होता. एवढ्यात तीस माणसांचा स्वयंपाक होणं शक्य नव्हतं.

मी वाचायला लागलो. त्यातून जे समजलं ते ताईला तिच्या भाषेत सांगितलं. टाकीत दोन जातींचे जिवाणू असतात. एक खादाड. ते कचऱ्यावर तुटून पडतात आणि तो आंबवतात. दुसरे संथ आणि नाजूक. ते आंबट खातात आणि गॅस सोडतात. दोघांचा मेळ बसला पाहिजे. आंबट जास्त झालं की दुसरे मरतात, आणि ते मेले की आंबट वाढतच जातं.

"म्हणजे विरजणासारखंच की," ताई म्हणाली.

"तसंच. फक्त हे विरजण सहा हजार लिटरचं आहे."

मग आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो. बाजारातून येणारा भाजीपाला तसाच न टाकता ओट्याखालच्या जुन्या ग्राइंडरमध्ये वाटून घालायचा. गार पाण्याऐवजी कोमट पाणी. ताजं पाणीही कमी, त्याऐवजी टाकीतून बाहेर पडणारंच पाणी परत वापरायचं. सगळं एकदम न घालता सकाळी अर्धं, संध्याकाळी अर्धं. ऊन धरून ठेवायला झाकणाला काळा रंग. लिंबाच्या साली, चिंचेचा चोथा, कांद्याची टरफलं बंद. प्रत्येक बदलानंतर मी खुणा बघायचो, आणि त्या सरकत होत्या. किलोमागचे पन्नास हळूहळू शंभराच्या आसपास गेले. त्या सुमारास ताईने पहिल्यांदा सगळ्या मेंबरांना पुरणपोळी वाढली. पुरण तासभर शिजलं आणि आच हलली नाही. "माझ्या भावाने कचऱ्यातून पुरण शिजवलं," असं ती प्रत्येक ताटाला सांगत फिरली. मी नको नको म्हणत राहिलो, पण ऐकायला बरं वाटत होतं.

आषाढात आमच्या इकडे देवीचा बोनालूचा सण असतो. बोळातल्या तेलुगू बायका डोक्यावर बोनम, म्हणजे नैवेद्याच्या भाताचं मडकं, घेऊन देवीला जातात. रविवारभर ढोल वाजतात. दारादारांत कडुलिंबाचे डहाळे, देवीला लिंबांच्या माळा, हळदीचं पाणी. दुसऱ्या दिवशी हे सगळं उतरवलं जातं. आधी लोक ते तळ्यात नेऊन सोडत. आता तिथे कुंपण आहे. राहिली महापालिकेची गाडी, आणि देवीचं उतरवलेलं कचऱ्याच्या गाडीत टाकायला कुणाचा हात धजत नाही.

पुढचं मला नंतर कळलं. समोरच्या घरातली बाई ताईला अक्का म्हणते. तीच सगळं पोत्यात भरून घेऊन आली. "चेत्तलो वद्दु, अक्का," म्हणाली, म्हणजे कचऱ्यात नको. "तुमारी टाकी में डालो. उसका अग्नी होता ना." तिचं बघून इतर बायका आल्या. बोळातल्या सगळ्या घरांचं निर्माल्य ताईच्या दारात जमा झालं. आपल्या टाकीवर बायकांनी असा विश्वास टाकला याचं तिला अप्रूप वाटलं. तिने हात जोडले, डहाळे ओरबाडून पानं काढली, आणि मी शिकवल्याप्रमाणे सगळं ग्राइंडरमध्ये बारीक वाटून टाकीत सोडलं. कडुलिंब, लिंबं, हळद, कापराच्या वड्यासुद्धा.

जंतू मारायला आपण पिढ्यान् पिढ्या जे जे वापरत आलो, ते सगळं एका दिवसात, गंधासारखं वाटून, तिने जंतूंच्या घरात ओतलं होतं. डहाळे सबंध टाकले असते तर कदाचित वर तरंगत राहिले असते आणि काढता आले असते.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ताईचा फोन आला, "आच धरत नाही रे." मी गेलो. साबणाचं पाणी लावून नळीचे सगळे सांधे तपासले. नळीत पाणी साठलंय का पाहिलं. शेगडीची भोकं सुईने साफ केली. आभाळ भरलेलं होतं, म्हणून गारव्याला दोष दिला आणि टाकीभोवती गोणपाट गुंडाळलं. झाकण रोज थोडं थोडं खाली बसत होतं. मग वास सुरू झाला. नेहमीचा शेणासारखा नव्हे. नासलेल्या ताकासारखा, नाकात चढणारा. पीएचची पट्टी बुडवली. सात यायला हवा होता, पट्टीवर पाचाचा रंग आला. मी दुसरी पट्टी घेतली. तीही तशीच.

ढवळायचा दांडा टाकीत घालून फिरवला, तर त्याला हिरवट-पिवळा लगदा आणि बारीक देठ चिकटून आले. मी देठ बोटांनी चोळून वास घेतला.

"ताई, हा कडुलिंब कुठून आला?"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्या हाताकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला उत्तर मिळालं, पण तिने सगळं सांगितलं. बायका, पोती, ग्राइंडर.

"लिंबू नको म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"साली नको म्हणाला होतास. ही देवीच्या गळ्यातली होती, सुकलेली." मग म्हणाली, "आणि कडुलिंब तू कधीच नको म्हणाला नव्हतास."

खरं होतं. कडुलिंब कोण खातं म्हणून मी तो नको म्हणणार होतो?

मग उपाय सुरू केले. कचरा घालणं थांबवलं. चुन्याची निवळी घातली. पट्टी सहाकडे सरकली, मला धीर आला. दुसऱ्या सकाळी पुन्हा पाच. खायचा सोडा घातला. पुन्हा तेच. तबेल्यातून ताजं शेण आणून घातलं, म्हणजे नवे जिवाणू आत सोडले. तेही मेले असावेत, कारण खुणा हलल्या नाहीत. चुना आंबटपणा मारतो. कडुलिंब, हळद, कापूर यांचं त्याला काही करता येत नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळत होतं. तरी मी घालत राहिलो. नुसतं बसून राहणं जमत नव्हतं.

स्वयंपाक तारनाक्याला आमच्या घरी व्हायला लागला. ताई पहाटेच रिक्षाने यायची. ती आणि माझी बायको मिळून भाकऱ्या थापायच्या, डबे बांधायच्या, आणि ती ते घेऊन मलकपेठेला परत जायची. पोचेपर्यंत भाकरी कडक, वरणावर साय. मेंबर काही बोलले नाहीत, फक्त कमी होत गेले. कुणी म्हणालं, ऑफिसातच जेवण मिळतं. कुणी काही न सांगताच बंद झालं. एका दुपारी मी घरी आलो, तर दुपारचे डबे पोचवून रात्रीच्या स्वयंपाकाला परत आलेली ताई आमच्या गॅलरीत बसली होती. मांडीवर ताट होतं. मी दारातच थांबलो. ताटात शेंगदाणे होते आणि ती साली फुंकत होती, चटणीसाठी. तरी मी ताटाकडेच बघत राहिलो.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली.

"काही नाही."

"घाबरू नकोस. अजून बोलतेय मी."

मी ताईसोबत मलकपेठेला गेलो, तेव्हा मालकांनी पायरीवरून मला हाक मारली. वरचे भाडेकरू वासाला कंटाळले होते. "क्या मियाँ, तुम्हारी टाकी मर गई. पूरी गल्ली को मालूम, तुमकोच नै मालूम?" मी म्हणालो, थोडा वेळ द्या. ते ताईकडे न बघता म्हणाले, "एक महीना. आग नै जली तो टाकी उठाओ. फिर इस कमरे का मैं कुछ सोचूँगा. मेरेकू भी घर चलाना है, बेटी."

टाकी बनवणाऱ्याला फोन केला. त्याने दोन वाक्यांत संपवलं, "पूर्ण खाली करा, सर. धुऊन नवीन शेण भरा."

मी पंप भाड्याने आणला, नळी नाल्याच्या जाळीपर्यंत टाकली. ताई जाळीसमोर उभी राहिली.

"यात देवीचं आहे. नाल्यात नाही जाणार."

"ताई, टाकी मेलीय. हे विष झालंय आता."

"असू दे. त्या बायकांनी माझ्या हातात दिलंय. गाडीत टाकवेना म्हणून माझ्याकडे आणलं, आणि मी गटारात सोडू? त्यांच्या डोळ्यांदेखत?"

"मग काय करू? सांग ना, काय करू? महिना दिलाय त्यांनी. जागा गेली तर तू..."

"तर मी तुझ्याकडे येईन. तांदूळ निवडीन." ती शांतपणे म्हणाली. "पण नाल्यात नाही."

मी ओरडलो. आयुष्यात ताईवर पहिल्यांदा ओरडलो, आणि काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरच्या खिडक्या उघडल्या. मग पंपाचं बटण दाबायला वाकलो आणि तसाच वाकून राहिलो, कारण ती जाळीसमोरून हलली नव्हती आणि हलणार नव्हती.

समोरची बाई आवाज ऐकून आली. ताईने तिला सगळं सांगितलं. तुमच्या देवीच्या पानांनी माझी टाकी गेली, असं नाही म्हणाली. "मला पचवता आलं नाही," असं म्हणाली, जणू ते निर्माल्य तिनेच खाल्लं होतं. त्या बाईने तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून, धाकट्या भावाला हाक मारतात तशी म्हणाली, "तम्मुडु, नाले में नै, मिट्टी में डालेंगे. मिट्टी भी अम्माच है." तिच्या माहेरच्यांची शहराबाहेर रोपवाटिका होती, तिच्यामागे पडीक जमीन. नवऱ्याची मालवाहू रिक्षा होती. पिंप भरायचं, न्यायचं, पडीक जमिनीतल्या खड्ड्यात ओतायचं, परत यायचं. खेपांमागून खेपा झाल्या. अंगाचा वास जाईना. ऑफिसात शेजारचा सहकारी खिडकीजवळ जाऊन बसायला लागला. प्रत्येक पिंप निघताना ताई त्याला हात लावायची.

टाकी धुऊन तबेल्यातलं शेण भरलं. दुसऱ्या एका चालू टाकीतली थोडी स्लरी, म्हणजे आतला पातळ काला, मागून आणून मिसळली. आणि मग वाट बघणं. यात कुणालाच घाई करता येत नाही. झाकण थोडं उचललं गेलं, पण पहिला गॅस पेटत नाही. काडी लावली की काडीच विझते. ताई रोज एक काडी लावायची, विझली की बाजूला ठेवायची. मालक पायरीवरून पाहायचे. त्यांनी दिलेला महिना संपत आला, तेव्हा मी रात्री जागून ताईसाठी आमच्या घरात पलंग कुठे ठेवता येईल याची मापं काढत होतो.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी काडी विझली नाही. शेगडीच्या भोकांवर बोटाच्या पेराएवढ्या निळ्या ज्योती उभ्या राहिल्या. ताईने मालकांना बोलावलं. ते काठी टेकत आत आले, वाकून बघितलं.

"इत्तीसी?"

"हौ, चाचा. इत्तीच."

त्यांनी नाक वर करून अंगणाचा वास घेतला. "चलो, बू तो गई," म्हणाले आणि निघून गेले. जागेबद्दल ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

मी खुणा पाहून हिशेब केला. एक शेगडी, एक वेळ. भिजवलेली डाळ, भात, एक भाजी. फार तर आठ माणसं. ताईला आकडा सांगितला. ती शेगडीजवळ उकिडवी बसली होती. पाठीमागे बाजारातून आलेल्या भाजीपाल्याची बादली काठोकाठ भरली होती.

"हे सगळं वाटून घातलं तर?"

"नाही. दोन ओंजळी. उद्या दोन. आठवड्याने थोडं वाढवू."

"जास्त घातलं तर जास्त गॅस येईल ना? तूच तर म्हणायचास, किलोमागे शंभर."

"आत्ता जास्त घातलं तर परत आंबेल, ताई. ते नाजूक आहेत अजून."

"किती दिवस लागतील?"

"माहीत नाही."

"तू म्हणतोस, माहीत नाही?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी आकड्यांवाचून बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

आठ कोण, हे तिनेच ठरवलं. निवृत्त म्हातारे, रात्रपाळीच्या नर्सबाई, आणि ज्यांच्या खोलीत साधी चूलही नाही अशी दोन मुलं. बाकीच्यांना तिने स्वतः फोन केले. प्रत्येकाला तेच सांगत होती, "थोडे दिवस दुसरीकडे जेवा बाबा." काहींनी, दुसरीकडेच जेवतोय, असं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर लावला.

मी दोन ओंजळी मोजून ग्राइंडरमध्ये टाकल्या. आत डाळीला उकळी आली, तेवढ्यात दाराशी एक जुना मेंबर येऊन उभा राहिला. पुण्याहून नोकरीला आलेला, हातात रिकामा डबा. वरणाचा वास बाहेरपर्यंत जात होता.

"ताई, सुरू झालं का? आज आहे का?"

ताई दारात गेली. तिने पातेल्याकडे वळून पाहिलं, मग टाकीच्या झाकणाकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली, नाही म्हणून.

"आज नाही रे," ती म्हणाली, आणि तो वळून बोळाबाहेर जाईपर्यंत दारात उभी राहिली.